मशीनमध्ये फॉल्ट नव्हता

एका लग्नसराईत तेच मशीन पाच वेळा माझ्या टेबलावर आलं आणि पाचही वेळा मला त्यात काही सापडलं नाही. जुन्नरच्या बाजारपेठेत जन्मभर व्हॉल्व्हची मशीनं दुरुस्त करत बसलेल्या माणसाला दिवाळी अंकात लिहायला सांगितलं, म्हणजे त्याने आपल्या हातच्या करामती सांगाव्यात अशी संपादकांची अपेक्षा असणार. करामती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की हे एकच मशीन डोळ्यांपुढे येतं. त्याचं काय झालं ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. कुणाला उलगडलं तर कळवा, मी दुकानातच असतो.

मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. आमच्याकडे त्याला ॲम्प्लिफायर कुणी म्हणत नाही. 'मिस्त्री, मशीन आणलंय' म्हटलं की समजायचं. हल्लीची मशीनं हलकी असतात, एका हातात उचलून नेता येतात आणि बिघडली की टाकून देतात. माझी मशीनं लोखंडाची, त्यात काचेचे व्हॉल्व्ह. बटण दाबलं की लगेच वाजत नाहीत. आधी काचेत बारीक लाल दिवा लागतो, मशीन तापतं, मग आवाज येतो. तेवढ्या वेळात नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "बंद पडलं वाटतं." अशी मशीनं आता फार थोड्यांकडे उरली आहेत. काही बेंजो पार्ट्या, दोन-तीन भजनी मंडळं, एक कव्वाल. त्यांना विचारा का ठेवलंय हे ओझं, तर म्हणतात गोडवा आहे. गोडवा म्हणजे काय ते मला मीटरवर कधी दाखवता आलं नाही.

माझं मुख्य काम जोडी जुळवण्याचं. मशीनमध्ये शेवटी दोन मोठे व्हॉल्व्ह असतात, ते दोघं मिळून आवाज ओढतात. बैलजोडीसारखंच. एक जोरात ओढतो आणि दुसरा नुसता जू मानेवर घेऊन चालतो, असं झालं की गाडी वाकडी. काही वाजत नसताना प्रत्येकातून किती करंट वाहायचा ते ठरवून द्यावं लागतं. जास्त दिला तर आतला पत्रा लालभडक होतो आणि व्हॉल्व्ह चार दिवसांत मरतो. कमी दिला तर हळू वाजवताना आवाज फाटतो. एवढं मीटरवर होतं. त्यात मी कधी चुकलो नाही, हे आजही छातीठोकपणे सांगतो. पुढचं काम कानाचं. आवाज जाड हवा की बारीक, मऊ हवा की तिखट, हे वाजवणाऱ्याला समोर बसवून ठरवायचं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुना. तळेघरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथलं भजनी मंडळ दर दोन-तीन वर्षांनी यायचं. सडकेपर्यंत चालत, पुढे एसटी. मशीन दोघांनी काठीला बांधून खांद्यावर आणलेलं, आणि व्हॉल्व्ह फुटू नयेत म्हणून काढून नाचणीच्या डब्यात खुपसलेले. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी डबा माझ्या टेबलावर उपडा केला आणि व्हॉल्व्ह नाचणीसकट घरंगळले. नाचणीचे दाणे पिनांमध्ये अडकले होते. मी टाचणीने एकेक काढत बसलो आणि शेवटी दाणे गोळा करून डबा परत देऊ लागलो. त्यांचे म्हातारे बुवा म्हणाले, "नाचणी ऱ्हाऊ द्या मिस्त्री, ती तुमालाच आणलीया. म्हटलं एका डब्यात दोन कामं." पुढे महिनाभर आमच्या घरी नाचणीच्या भाकरी झाल्या.

दुसरी तऱ्हा दसऱ्याची. दसऱ्याला सगळे आपापल्या मशीनची पूजा करतात आणि करावीच. पण हळदीकुंकू बाहेरच्या पत्र्याला लावायचं सोडून काही भाविक झाकण काढून थेट व्हॉल्व्हला लावतात, कारण देव आत असतो. ते कुंकू व्हॉल्व्हच्या बुडात उतरतं, ओलसर हवेत दमट होतं आणि मशीन कढईतल्या फोडणीसारखं तडतडायला लागतं. दसऱ्यानंतरचा आठवडा माझा कुंकू पुसण्यात जायचा. मी कुणाला लावू नका म्हटलं नाही. फक्त 'पत्र्याला लावलंत तरी पोचतं' असं म्हणायचो. मी नमाजी माणूस, पण त्या दिवशी गिऱ्हाइकं माझ्याही मीटरला झेंडूचं फूल ठेवून जायची आणि ते फूल सुकेपर्यंत मी काढत नसे.

तर ते पाच वेळा आलेलं मशीन दगडूभाऊंचं. दगडूभाऊ महाळुंगे पडवळचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पावसाळा संपला की कोकणात उतरायचे. दगडूभाऊंनी तरुणपणी मेंढरांची काठी सोडली आणि बेंजो धरला, त्यावरून वडील दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नव्हते. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने तार छेडायची. हळदीला, वरातीला टेम्पोत बसून वाजवतात, टेम्पोच्या टपावर कर्णे. दगडूभाऊंनी पार्टी उभी केली, पुतण्या बाळूला लहानपणापासून शिकवलं आणि वय झाल्यावर पार्टी त्याच्या हाती दिली. स्वतः मात्र बेंजोवर बसायचे. 'दगडूभाऊंचा बेंजो' अशी जाहिरात टेम्पोवरच रंगवलेली होती.

त्या वर्षी लग्नाच्या हंगामाआधी ते मशीन घेऊन आले. चेहरा उतरलेला.

"मिस्त्री, आवाज मेलाय," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"बाळूच म्हणला. काका, मशीनचा आवाज बराबर येत न्हाई, मिस्त्रीला दावा. लोकं बी म्हणत्यात म्हणं. आन् म्हणला, ह्या हंगामात नीट झालं न्हाई तर कीबोर्डवाला घ्यावा लागंल."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बारीक झाला. कीबोर्डवाला घेतला म्हणजे दगडूभाऊ घरी. एका टेम्पोत दोघांना जागा नसते आणि कामही नसतं. मी म्हटलं, "भाऊ, माझ्यावर सोडा." असलं बोलायची मला सवय होती.

मी मशीन उघडलं. मोठी जोडी जुळलेली. बारके व्हॉल्व्ह ठणठणीत. ट्रान्सफॉर्मर थंडगार. तरी मनाच्या समाधानासाठी दोन जुने कंडेन्सर बदलले आणि दगडूभाऊंना स्टुलावर बसवून वाजवायला सांगितलं. आमची रीत ठरलेली होती. ते वाजवायचे आणि मान वर करून विचारायचे, "कसं वाटतंय मिस्त्री?" मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. कपाळावर आठी असली की मी अजून काहीतरी हलवायचो. आठी गेली की 'मस्त' म्हणायचो आणि झाकणाचे स्क्रू आवळायचो. त्या दिवशी आठी जाईना. मलाही आवाज जरा गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता. मग मी आवाजाच्या बटणावर एक छोटा कंडेन्सर टाकला. त्याने वरचा, बारीक आवाज मोकळा होतो, आमच्या भाषेत तिखट होतो. दगडूभाऊंनी पुन्हा वाजवलं. "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "आता मस्त." त्यांनी मान हलवली.

दहा-बारा दिवसांत मशीन परत आलं. बाळूने पुन्हा तेच सांगितलं होतं, आवाज बराबर नाही. मी अजून तिखट केला. मग तिसऱ्यांदा आलं. मी वायर बदलल्या, सोल्डर नव्याने केलं, दोन्ही मोठे व्हॉल्व्ह बदलून माझ्या कपाटात जपून ठेवलेली जोडी घातली. ती जोडी मी कुणाला दिली नसती. आवाज आणखी एक घर तिखट केला आणि वर गावातल्या विजेला, जनरेटरवाल्याला आणि कर्णे बनवणाऱ्यांना चार शब्द सुनावले. चौथ्यांदा आलं तेव्हा मी ठरवलं की प्रत्यक्ष कामावर जाऊनच ऐकायचं.

मंचरच्या अलीकडे एका वस्तीवर दुपारची हळद होती. मी मांडवाच्या तोंडाशी, कर्ण्याच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिलो. दगडूभाऊ टेम्पोत बसून झकास वाजवत होते. हात इतका साफ की ऐकणाऱ्याने खुश व्हावं. पण आजूबाजूला बघितलं तर समोर माणूस नाही. बायका मांडवाच्या पार मागच्या टोकाला दाटीवाटीने बसलेल्या. एक आजी पदर कानाशी धरून बसली होती. मला वाटलं उन्हामुळे मागे सरकल्या असतील, आजीला वारा लागत असेल. भर उन्हाळ्यात कसला वारा, हा प्रश्न मला पडला नाही. टेम्पोखाली झोपलेलं कुत्रं पहिल्या तानेला उठून पळालं तेव्हा मी हसलोसुद्धा.

बाळू मला बाजूला घेऊन गेला. "चाचा, कायतरी करा राव. तुमीच काकाला सांगा कायतरी."

"काय सांगू?"

तो चपलेने माती उकरत राहिला. "मशीनचं म्हणतो मी. मशीनचं बगा."

"अरे, मशीन टकाटक आहे. मला तर मस्त वाटतंय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मला वाटलं पोराला कीबोर्ड आणायचाय आणि तो निमित्त शोधतोय. त्याचा मला रागही आला. काकाने हात धरून शिकवलं आणि हा काकाला उठवायला निघालाय, असं मनात म्हणत मी घरी आलो.

पाचव्यांदा मशीन बाळूने टेम्पोवाल्याबरोबर पाठवलं, दगडूभाऊ आले नाहीत. निरोप एवढाच की पुढच्या आठवड्यात फैसला. आता माझीच झोप उडाली होती. माझ्या धंद्यात मशीनमध्ये फॉल्ट सापडला नाही तर तो मिस्त्रीत असतो, असं मी शिकाऊ असल्यापासून ऐकत आलो होतो. तरी ते मला तेव्हा आठवलं नाही. मी कपाटाच्या तळाशी पडलेली एक पेटी काढली. ती पेटी एकच सूर काढते आणि बटण फिरवलं की तो सूर बारीक बारीक होत जातो. ती मशीनला जोडली, मशीनला कर्णा जोडला, कर्ण्याच्या तारांवर मीटर लावला. सकाळी अकराचा सुमार, बाजारपेठ भरलेली.

बटण फिरवत गेलो. सूर बारीक होत गेला, अजून बारीक, आणि एका ठिकाणी बंद पडला. मीटरचा काटा मात्र जिथल्या तिथे. म्हणजे मशीन आवाज देतंय आणि कर्णा वाजत नाही. सापडला फॉल्ट! मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. दुसरा कर्णा जोडला. तोही त्याच ठिकाणी मुका. तिसरा, माझ्या दुकानातला, परवाच तपासलेला. तोही मुका. तीन कर्णे एकाच जागी कसे मरतील? मी चक्रावलो. मग म्हटलं, आवाज कमी पडत असेल, आणि मशीनचं बटण पूर्ण उघडलं. तरी काही नाही. काटा थरथरत होता आणि दुकानात शांतता.

तेवढ्यात शेजारच्या शैलाताई दारात आल्या. त्यांचं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे, आमची भिंत एकच. गळ्यात टेप, दोन्ही कानांत बोटं, आणि तोंड वेडंवाकडं झालेलं.

"अवो चाचा, बंद करा ती शिट्टी! डोस्कं फुटलं माझं!"

मी म्हटलं, "कसली शिट्टी?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रस्त्यावरचे दोघं-तिघंही थांबून आमच्या दुकानाकडे बघत होते, त्यातल्या एकाने कानावर हात ठेवला होता. मी मशीनचं बटण बंद केलं. शैलाताईंनी बोटं काढली. मी पुन्हा थोडंसं उघडलं. त्यांनी पुन्हा घातली. असं मी तीन वेळा केलं. मला दरवेळी फक्त त्यांची बोटंच दिसत होती.

"तुमाला न्हाई येत ऐकू?" त्यांनी विचारलं.

"येतं की," मी म्हणालो. का खोटं बोललो ते मला सांगता येणार नाही.

मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग विचारलं की माझ्या दुकानात वाजणारी मशीनं त्यांना कशी वाटतात. त्या आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "रागावू नका. सुरीनं स्टीलची ताटली खरवडावी तसं. पयलं नव्हतं असं. इतक्यात लई वाढलंय."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, आवाजाचं तुमाला जास्त कळतं. तुमाला तसाच पायजे असंल."

त्या गेल्यावर मी कितीतरी वेळ शटर अर्धं ओढून बसलो. घरी टीव्हीचा स्पीकर मी दोनदा बदलला होता, कारण त्यातलं बोलणं स्पष्ट येत नव्हतं. बायको म्हणायची, "टीवी नको बदलू, कान दाखव," तर मी तिच्यावर खेकसायचो. फोनची घंटा मला ऐकू येत नव्हती, मी फोनला शिव्या द्यायचो. जन्मभर कर्ण्यांच्या तोंडाशी कान नेऊन मशीनं तपासली, त्याचं हे असं झालं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हे कधीपासून? मागच्या वर्षापासून? पाच वर्षांपासून? त्या काळात मी ज्यांची ज्यांची मशीनं तिखट करून दिली, त्या सगळ्यांच्या मांडवात आज्या पदर कानाशी धरून बसल्या असतील का? हिशोबच लागेना.

आणि गोंधळ इथे संपत नाही. मढच्या एका पार्टीने त्याआधी महिनाभर मुद्दाम येऊन सांगितलं होतं, "चाचा, आमाला दगडूभाऊंच्या मशीनसारखा तिखट आवाज पायजे." मी करून दिला होता आणि ते खूश होते. म्हणजे माझी चूक काहीजणांना आवडत होती. शैलाताईंचा तो प्रकार झाल्यावर मी त्या मढवाल्यांना फोन करून मशीन परत मागवलं आणि पहिल्यासारखं केलं. चौथ्या दिवशी ते भांडायला आले की आवाज झोपला. मी पुन्हा तिखट करून दिला. आता सांगा, बिघडलेलं कोणतं आणि नीट कोणतं? मला कळत नाही. जन्मभर मी हेच ठरवून पोट भरलं आणि आज मला ते कळत नाही.

दगडूभाऊंचं मशीन मात्र मी शैलाताईंना समोर बसवून लावलं. मी कंडेन्सर काढायचो, बेंजोची एक जुनी कॅसेट मशीनवर वाजवायचो, त्या सांगायच्या, अजून टोचतंय, आता बरं, आता गोड. त्या 'गोड' म्हणाल्या तिथे मी थांबलो. मला स्वतःला तो आवाज मेलेला वाटत होता. माझ्या हातून इतका वाईट आवाज मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नसता.

मशीन मी स्वतः घेऊन गेलो. नारायणगावला एसटी बदलली, पुढे जीपने महाळुंगे पडवळ. वाटभर मनात जुळवत होतो, काय बोलायचं. दगडूभाऊंना म्हणायचं का की तुमच्या मशीनचा सत्यानाश मी केला? का म्हणायचं की तुमच्याही कानात काही नाही उरलं? कारण एवढं आता मला कळत होतं की तो आवाज त्यांना चालत होता, म्हणजे त्यांनाही वरचं ऐकू येत नसणार. मी हात लावायच्या आधीपासूनच ते वरच्या आवाजाचं बटण पूर्ण उघडून वाजवत असणार. पन्नास वर्षं टपाखाली बसून वाजवलेला माणूस. पण वादकाला हे तोंडावर कसं सांगायचं?

दगडूभाऊ ओट्यावर बसले होते. मागच्या बाजूला चार-पाच मेंढरं अजून बांधलेली असतात, घरात त्यांच्याशिवाय करमत नाही म्हणून. हिराबाई वहिनी बाजरी निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाणी आणलं. दगडूभाऊंनी काही न विचारता बेंजो मांडीवर घेतला, मी वायर जोडली, व्हॉल्व्ह तापले. ते वाजवू लागले. पहिल्याच तानेला त्यांच्या कपाळावर आठी आली. ते थांबले नाहीत, वाजवत राहिले, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कसं वाटतंय मिस्त्री?"

माझ्या तोंडातून 'मस्त' येतच होतं. मी ते गिळलं.

"भाऊ, मला सांगता यायचं नाही. मला वरचं ऐकू येत नाही. कधीपासून ते ठाऊक नाही. पण बहुतेक बरीच वर्षं झाली. तुमच्या मशीनचं जे केलं ते मी न ऐकता केलं."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं आता उठतील, काहीतरी फेकतील. ते फक्त माझ्याकडे बघत होते.

"तुमाला बी?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मला धा वरसं झाली असतील," दगडूभाऊ म्हणाले. "तारा लावतो त्या हातानं लावतो, कानानं न्हाई. मला ठाव हाये. कुनाला बोललो न्हाई. म्हटलं मिस्त्री हायेत ना. मिस्त्रीला येतंय ऐकू. तुमी मस्त म्हणलात का मी समजायचो आवाज बराबर. मी तुमच्या तोंडाकडं बगून वाजवत व्हतो, मिस्त्री."

"आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून बटणं फिरवत होतो," मी म्हणालो.

वहिनींच्या हातातलं सूप थांबलं होतं. त्या म्हणाल्या, "मला इचारायचं व्हतं की. मी रोज हितंच असते." आम्हाला दोघांना ते कधी सुचलं नव्हतं.

बाळू आला तो दारातच उभा राहिला. त्याने बहुतेक सगळं ऐकलं असावं, कारण त्याचा चेहरा पडला होता. तरी तो सवयीने म्हणाला, "काका, मशीनच बिघडलं व्हतं ना?"

"मशीन कुठलं रं," दगडूभाऊ म्हणाले. "बोलायचं व्हतंस ना सरळ."

"कसं बोलायचं, काका? तुमी हात धरून शिकिवलं मला. तुमाला मी सांगू व्हय, का तुमचा सूर टोचतोय?"

मग बाळूने खाली बघत सांगितलं की कीबोर्डवाल्याला शब्द देऊन झालाय, या हंगामापुरता. परवापासून तो येतोय. "आता फिरवता यायचा न्हाई, काका."

"बराबर केलंस," दगडूभाऊ म्हणाले. ते मनापासून म्हणाले की उसनं अवसान आणून, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी आठ दिवस आधी कान तपासले असते तर त्यांची जागा वाचली असती, हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दगडूभाऊंनी बेंजो पुन्हा सरळ केला आणि वाजवायला घेतलं. कुठली तरी हळदीची चाल होती. हात तसाच साफ. कडव्याच्या शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघत नव्हते. बाळूकडे बघत होते.

बाळूने एकदा वहिनींकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"काका," तो म्हणाला, "वरचं जरा अजून कमी करा."

दगडूभाऊंनी बटण फिरवलं. मला काहीच फरक कळला नाही.